घरचा क्लॅम्प

पंचवटीतल्या गोटीराम सुताराला बाजारातले क्लॅम्प महाग वाटले. म्हणून करवतीच्या सरकत्या टेबलावर फळी दाबून धरायला त्यानं सागाचा तुकडा आणि जुन्या सायकलीचे नटबोल्ट जोडून स्वतःच क्लॅम्प बनवला. पुतणीच्या साखरपुड्याला निघता निघता, करवत बंद असतानाच, त्यानं तो एकदा जोर लावून आवळून पाहिला.

अर्ध्या तासानं बायको, साळूबाई, त्याला शोधत वर्कशॉपमध्ये आली. गोटीराम टेबलाला चिकटून उभा होता. नव्याकोऱ्या सदऱ्याचं टोक क्लॅम्पखाली अडकलं होतं.

"अहो, सुटत नाही का?"

"जराही नाही," गोटीराम अभिमानानं म्हणाला.

साळूबाईनं हातोडी उचलली. तसा तो कळवळला.

"क्लॅम्पला हात लावू नकोस. तिकडं कात्री आहे, सदरा काप."