टोचायचे राहिलेले कान

दस्तगीर मेस्त्रीने अंकुशरावांच्या जीपला नवा हॉर्न बसवून बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही, पण बॉनेटवर झोपलेलं मांजर ताडकन उडी मारून पळालं.

"वाजतोय," मेस्त्री म्हणाला.

"मला कुठं ऐकू आला?" अंकुशराव गोंधळले. "म्हणून तर मोठ्या आवाजाचा मागितला."

"दादा, तान्हेपणी कान टोचतानाच प्रत्येकाच्या पाळीत चिप बसते. ती गोंगाट पुसून टाकते. हॉर्न केवढाही घ्या, ऐकणार कोण?"

आपण रोज फाटकाशी हॉर्न वाजवतो आणि घरातून कुणीच बाहेर येत नाही, एवढंच अंकुशरावांना कळत होतं.

घरी पोचल्यावर त्यांनी बटण दाबून धरलं. झाडावरचे कावळे उडाले. थोड्या वेळाने सून रेवती तीन महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली.

"मामा, तुम्ही कधी आलात? हा मघापासून सारखा फाटकाकडंच मान वळवतोय. काय झालंय याला, कळेना."

अंकुशरावांनी पुन्हा बटण दाबलं. बाळ दचकलं, आणि त्यांच्याकडे बघून हसलं.

"उद्या कान टोचायला सोनार येणार आहे ना," ते चाचरत म्हणाले, "त्याला इतक्यात येऊ नको म्हणावं."