दुसऱ्या बाळाचं काय?

नवीन पनवेलच्या दवाखान्यात आठ वर्षांच्या प्रणितच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "एडीएचडी आहे. मुलगा वांड नाही, त्याला लक्ष एका जागी ठेवताच येत नाही. उपचारांनी पुष्कळ फरक पडेल."

त्याच्या आईने, निशाने, महिनाभर मनात घोळत असलेला प्रश्न विचारून टाकला. "दुसरं मूल झालं, तर त्यालाही असेल का?"

"यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शक्यता इतरांपेक्षा जास्त, पण होईलच असं नाही."

"ऐकलंस ना?" शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मी कवापासून सांगतेय, आता दुसरा नको. या एकानंच जीव नकोसा केलाय."

"त्याने नाही, आई. आपण त्याचा जीव नकोसा केला. मी बदडलं, तुम्ही अंगारे लावले, बाईंनी रोज वर्गाबाहेर उभं केलं. कुणाला काही माहीतच नव्हतं. आता मला माहीत आहे. दुसऱ्याला असं निघालं, तर त्याच्यावर हात उगारला जाणार नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "घाई नाही. घरी सावकाश विचार करा."

"विचार कसला, डॉक्टर? मला तिसरा महिना चालू आहे."

निघताना सासूबाईंनी एका हातात प्रणितचं बोट घट्ट धरलं, दुसरा हात सुनेपुढे केला आणि म्हणाल्या, "धर. जिना लय उभा हाय."