घाटापुरता जोर

वनमालाताईंची जादा चाकं लावलेली स्कूटर मांजरसुंब्याच्या घाटात दम सोडायची. कुबडीवर चालणाऱ्या बाईला अंगणवाडीत पोचायला रोज कुणाला तरी "जरा ढकला हो" म्हणावं लागायचं. "उद्यापासून एकट्या चढताल, ताई," असा शब्द देऊन सतीश मिस्त्रीनं इंजिनाच्या हेडात, म्हणजे वरच्या झाकणात, मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा घासली. हौसेच्या भरात जास्तच घासली. मग नवे व्हॉल्व्ह बसवून त्यानं त्यात पेट्रोल ओतून बघितलं. व्हॉल्व्ह घट्ट बसले असते, तर थेंबही गळला नसता. खालच्या परातीत धार लागली. जुन्या गाडीचं दुसरं हेड कुठंच मिळत नव्हतं. दारात कुबडी वाजली. त्याचं तोंड बघूनच ताई हसल्या. "न्हाई जमलं? आसू द्या भाऊ, ढकलायला कुनीबी भेटतंय. होती तशी करून द्या." सतीशनं जुना, लहान व्हॉल्व्ह उचलून घासलेल्या जागेवर ठेवला. तो कडेला टेकलाच नाही. सरळ आत घसरला.