चिंचेनं घासलेला तांब्या

"चिंच लावून घास, लखलखीत निघेल," म्हणत सुगंधानं तांब्याचा कलश शेजारच्या मालनच्या हातात दिला आणि ती नैवेद्याकडे वळली. नव्या वसाहतीतल्या तिच्या घराची आज वास्तुशांत होती.

जुन्या गावावर दरड कोसळल्यावर चिखलातून निघालेली भांडी शाळेच्या पटांगणात मांडली होती. त्यातला हा काळाकुट्ट तांब्या कुणालाच ओळखू येईना. तेव्हा "आमचाच आहे" असं म्हणून सुगंधानं तो उचलून आणला होता.

मालन मोरीत बराच वेळ बसली, म्हणून सुगंधा बघायला गेली. तांब्या लालबुंद चमकत होता आणि त्याच्या पोटावर अक्षरं उघडी पडली होती. 'चि. सौ. कां. वैजयंता हिस, आईकडून.' वैजयंता म्हणजे मालनची लेक, लग्न तोंडावर आलेलं असताना दरडीखाली गेलेली.

मालननं पदरानं तांब्या पुसला, कुंकू कालवलं आणि नेमकी त्या नावावरच कुंकवाची जाड बोटं ओढली.

"कलश घरचाच ना?" पाटावर तांदूळ पसरत गुरुजींनी विचारलं.

"घरचाच," मालन म्हणाली.

"मग नमस्कार करा."

सुगंधाची मान आधीच खाली गेली होती.