पुसलेली कॉपी

हॉस्पिटलचा डेटाबेस सकाळपासून एकाही कॉम्प्युटरला दारात उभं करत नव्हता. बॅकअपही खराब निघाला. ऑपरेशन थिएटरमधून रिपोर्टसाठी फोनवर फोन येत होते. आयटी विभागाच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते विभागातल्या शिकाऊ मुलीच्या टेबलाशी आले.

"सरावासाठी तू रोज डेटाची कॉपी काढायचीस ना? परवानगीशिवाय काढतेस म्हणून काल मी सगळ्यांसमोर झापल्यावर पुसली म्हणालीस. खरंच पुसलीस?"

तिने नजर स्क्रीनकडे वळवली.

"माझे आई, खोटं बोलली असशील तर आत्ताच सांग!"

तिने मान खाली घालून कॉपी उघडली आणि सगळे कॉम्प्युटर त्या कॉपीला जोडले. हळूहळू फोन थंडावले. साहेब खुर्चीत मटकन बसले.

"आता मात्र नक्की पुसते, सर."

"पूस," साहेब सुस्कारा सोडत म्हणाले, "पण कालच्यासारखीच पूस."