एक वाटी भात

काटा त्र्याऐंशीवरच होता. कृणाल वजनकाट्यावरून उतरला, काटा भिंतीपासून थोडा पुढे ओढला आणि पुन्हा चढला. आता तर त्र्याऐंशीच्याही वर दोनशे ग्रॅम.

"काय रे, किती?" बाहेरच्या खोलीतून त्याचे वडील दशरथ परब यांनी विचारलं.

"तेवढंच आहे, बाबा."

"होयत, होयत. घाई कित्या करतंस?"

घाई करायला कारण होतं. दशरथांचं यकृत निकामी होत चाललं होतं. आईला, शेवंतीला, मधुमेह, त्यामुळे नवऱ्याला यकृताचा तुकडा देऊ शकेल असा घरात हा एकुलता एक मुलगाच होता. पण त्याच्याही यकृतावर चरबी निघाली. "दोन महिन्यांत शहाऐंशीचे एक्याऐंशी करा," डॉक्टरांनी दोघांच्या समोर सांगितलं होतं. "नाहीतर तुमचं यकृत आम्हाला घेता येणार नाही." त्याआधी आठवडाभर दशरथांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पोराचं अजून लग्न व्हायचंय, माझ्यासाठी त्याच्या पोटाला सुरी लावायची नाही, म्हणून. डॉक्टरांचं ऐकून ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, बरं, होऊ दे तुमच्या मनासारखं.

पहिल्या तीन आठवड्यांत तीन किलो भराभर उतरले. पुढचे तीन आठवडे काटा हलायला तयार नव्हता. आता अठरा दिवस उरले होते.

कृणालने कसूर केली नव्हती. तो फोनवरच्या ॲपमध्ये तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहायचा. ॲप मोठं चौकस. पोह्यात शेंगदाणे होते का, चहात साखर किती, सगळं विचारायचं. एक वाटी भात, एक वाटी आमटी, एक वाटी उसळ, दोन चपात्या. रोज संध्याकाळी ॲप शाबासकी द्यायचं आणि रोज सकाळी काटा तोंड फिरवायचा. ऑफिसात सगळे चिडवत, "मुलगी बघायला चाललास काय रे?" तो हसून सोडून द्यायचा.

घरात मात्र त्याच्यावर दशरथांचा पहारा असे. आधी विरोध करणारा हा माणूस हल्ली जेवताना समोर पाट मांडून बसे. "वाटी म्हणजे वाटी. वर एक शीत नको," असं शेवंतीला बजावे. ते स्वतः दोन घासांवर हात धूत. एरवी घरातही इस्त्रीचा शर्ट घालून बसणारे दशरथ आता दिवसभर बनियनवर असत. आजारी माणूस, त्याला काय बोलायचं, म्हणून कोणी काही म्हणत नव्हतं.

त्या सकाळी शेवंती अंघोळीला गेली होती. कुकर लावावा म्हणून कृणालने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि मापाची वाटी वर काढली. तिच्यावर नाव कोरलेलं होतं, द. रा. परब. आईबाबांच्या लग्नात आलेली वाटी. त्याला एकदम आठवलं, आपण लहानपणापासून असल्याच वाट्यांतून जेवलो. मग हल्ली ताटातल्या वाटीवर नाव का दिसत नाही?

त्याने मांडणीवरची वाटी घेतली. घाट तोच, काठही तसाच. त्याने जुनी वाटी पाण्याने काठोकाठ भरली आणि नवीत ओतली. नवी वाटी दोन बोटं रिकामी राहिली. म्हणजे इतके दिवस ॲपमध्ये एक वाटी लिहिली, तेव्हा पोटात दीड वाटी गेली होती. आमटीची दीड, उसळीची दीड.

शेवंती केस पुसत आली.

"आई, या वाट्या कधी घेतल्यास तू? वजन उतरू नये असं वाटतं का तुला माझं?"

"माका कित्या विचारतंस?" शेवंती गोंधळली. "तीन आठवडे झाले असतीत. मी बाजारात गेल्लंय. भांडीवाली इली, तिच्याकडसून ह्येंनी घेतल्यानी, जुने कपडे देवन. जुन्यो वाट्यो पण तिकाच दिल्यानी. माका वाटलां, तुझे जुने शर्ट दिले असतीत."

कृणाल कपाटाकडे गेला. त्याचे कॉलेजचे रंग उडालेले टी-शर्टसुद्धा जागच्या जागी होते. त्याने बाबांच्या बाजूचं दार उघडलं. भांडीवाली बारा वाट्या फाटक्यातुटक्यावर देत नाही. चारकोपच्या कारखान्यात तीस वर्षं जे घालून ते ऐटीत गेले ते सगळे पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि भाचीच्या लग्नात शिवलेला सफारी, यांतलं काही तिथे नव्हतं. नुसते हँगर होते. आपल्याला आता हे कपडे लागणार नाहीत, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्याला रडू आलं, आणि रागही आला. तोंडावर पाणी मारून तो बाहेर गेला. दशरथ टीव्हीसमोर डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. कृणालने नाव कोरलेली वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे उघडले, वाटी ओळखली आणि मान खाली घातली.

"या वाटीत जेवणार मी आजपासून," कृणाल त्यांच्या शेजारी बसत म्हणाला. "आणि बाबा, तुमची कॉलर कितीची, चाळीस की बेचाळीस? ऑपरेशन झाल्यावर हॉस्पिटलमधून घरी काय बनियनवर येणार?"