बोटांवरच्या गाठी

शकूला बघायला आलेले पाहुणे ओटीवर बसले होते आणि लडकू मागच्या पडवीत, भाताच्या कणगीआड. "तुमी भायेर येऊ नका," असं बायकोनं, ठकूबाईनं, सकाळीच सांगितलं होतं. सांगताना ती रडली, म्हणून त्यानं ऐकलं.

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. पेरापेरावर सुपारीएवढ्या गाठी. कानाच्या कडेलाही टणक दाणे. मधूनच एखादी गाठ फुटे आणि चुन्यासारखं पांढरं बाहेर येई. लडकूला महारोग झाला, असं खालापूरजवळच्या त्या वाडीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी ते पांढरं तपासून स्पष्ट सांगितलं, "हा महारोग नाही. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वर्षानुवर्षं सांध्यांत साचलं, त्याचे हे खडे. शिवून कुणाला लागण व्हायची नाही." लडकू घरोघर तेच सांगत फिरला. लोकांनी ऐकून घेतलं, पण दारातूनच. मुलीची, शकूची, आधीची सोयरीक त्यावरूनच मोडली.

"पोरीचे बाबा दिसत नाय ते?" ओटीवरून आवाज आला. भिवपुरीच्या मुलाची आई, अंबूबाई.

"कामाला गेलेत," ठकूबाई म्हणाली.

"नाय. घरातच हायत," शकू म्हणाली.

ती तडक पडवीत आली. "उठा, बाबा. तुमाला लपवून मला लगीन नाय करायचं." तिनं त्याचा हात धरला आणि त्याला सगळ्यांसमोर नेऊन उभं केलं. "ह्ये माजे बाबा. ह्यो महारोग नाय, सांध्यात खडे झालेत. डॉक्टरनी सांगितलंय. पटत नसंल तर आताच उठा."

अंबूबाईचा दीर उठलाच. चपला शोधू लागला. लडकूची मान खाली गेली, पण पोरीच्या हातातला हात त्यानं सोडवून घेतला नाही.

"भावजी, खाली बसा," अंबूबाई म्हणाली. "आपल्या हातचं पानी लोक घेत नव्हते, ते दिवस इसरलात? बौद्ध झालो ते कशापायी?" मग ती लडकूकडे वळली. "तान लागलीय. तुमच्या हातचं द्या."

लडकूनं तांब्या भरला. बोटं वळत नव्हती. दोन्ही तळव्यांत धरून त्यानं तो पुढे केला. अंबूबाई पोटभर प्याली. पदरानं तोंड पुसलं आणि दिराकडे हात केला.

"आता ह्यांना द्या, व्याही."